हाड तर बसवलं, मग जखम का भरत नाही? अपघातात फाटलेला पाय वाचवणारी 'फ्लॅप' सर्जरी नेमकी असते काय?

रात्रीची वेळ. हायवेवर दुचाकीला ट्रकची धडक बसते आणि चाक गुडघ्याखालून जातं. पेशंटला हॉस्पिटलमध्ये आणलं जातं, हाडाचे डॉक्टर रात्रीतच ऑपरेशन करतात आणि पायाला बाहेरून सळयांची फ्रेम बसवतात. सकाळी घरच्यांना वाटतं, चला, मोठं संकट टळलं.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर येऊन सांगतात, "आता प्लास्टिक सर्जनना बोलवावं लागेल. फ्लॅप करावा लागेल."

इथेच सगळे गोंधळतात. चेहऱ्याला तर काहीच झालेलं नाही, मग प्लास्टिक सर्जरी कशाला? हाड बसवलंय ना, मग जखम आपोआप भरणार नाही का? आणि भरत नसेल, तर मांडीची थोडी कातडी काढून लावता येत नाही का?

प्रश्न साधे आहेत आणि रास्तही आहेत. पण उत्तर कळायला दोन आठवडे गेले, तर कधी कधी पायच जातो. म्हणून हे प्रकरण नीट समजून घेऊ.

आधी नडगीवरून हात फिरवून बघा

गुडघ्याच्या खाली, पायाच्या पुढच्या बाजूला बोटं ठेवा. त्वचेखाली लगेच हाड लागतं. हीच आपली नडगी. पलंगाच्या कोपऱ्यावर आपटली की डोळ्यांत पाणी येतं ते याचमुळे, कारण मध्ये गादीसारखं काहीच नसतं.

मांडीचं हाड चारी बाजूंनी जाड स्नायूंत गुंडाळलेलं असतं. नडगीच्या हाडाची आतली-पुढची बाजू मात्र वरपासून खालपर्यंत फक्त पातळ त्वचेखाली असते. मागे पोटरी आहे, पण तिचे स्नायूही खाली जाता जाता निमुळते होतात आणि घोट्याजवळ नुसते दोरीसारखे कंडरे उरतात.

याचे दोन परिणाम होतात. एक म्हणजे जोराचा मार बसला की तुटलेलं हाड सहज त्वचा फाडून बाहेर येतं. दुसरा जास्त गंभीर. वरची त्वचा निघून गेली की हाड झाकायला तिथे दुसरं काहीच उरत नाही.

भारतात रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यात १ लाख ६८ हजार ४९१ लोकांचा मृत्यू झाला. मरणाऱ्यांमध्ये सर्वांत मोठा वाटा दुचाकीवरच्या लोकांचा होता. जे वाचतात त्यांचं काय होतं, याची बातमी सहसा होत नाही. दुचाकीवर डोक्याला हेल्मेट असतं, निदान असायला हवं. नडगीला काहीच नसतं.

अपघात हे एकच कारण नाही. लहान मुलांची टाच दुचाकीच्या किंवा सायकलच्या स्पोकमध्ये अडकून मागची त्वचा सोलून निघते. साप चावल्यावर आजूबाजूचं मांस सडतं. हाडातली गाठ काढल्यावर मोठा खड्डा पडतो. या सगळ्यांत प्रश्न एकच असतो, उघडं पडलेलं हाड किंवा कंडरा झाकायचा कशानं?

केसपेपरवर लिहिलेलं 'ग्रेड ३ बी' म्हणजे काय?

त्वचा फाटून हाड बाहेरच्या हवेला लागलं, तर त्याला ओपन फ्रॅक्चर म्हणतात. अशा जखमांची प्रतवारी करायची पद्धत रामोन गुस्टिलो आणि जॉन अँडरसन या अमेरिकेतल्या सर्जननी १९७६ मध्ये मांडली. १९८४ मध्ये तिसऱ्या प्रकाराचे आणखी तीन भाग पाडले गेले. आजही जगभरातल्या केसपेपरवर हीच भाषा वापरली जाते.

ढोबळपणे सांगायचं तर पहिल्या ग्रेडमध्ये जखम एक सेंटिमीटरपेक्षा लहान आणि स्वच्छ असते. दुसऱ्या ग्रेडमध्ये ती त्याहून मोठी असते, पण आजूबाजूचं मांस फारसं चिरडलेलं नसतं. तिसरी ग्रेड म्हणजे जोरदार मार. त्यात 'ए' असेल तर हाड झाकण्यापुरतं मांस शिल्लक आहे. 'बी' असेल तर हाड उघडं पडलंय, त्यावरचा पातळ पडदाही सोलला गेलाय आणि जागेवरचं मांस ओढून ते झाकता येणार नाही. 'सी' असेल तर पायाची मुख्य रक्तवाहिनीही तुटलीय आणि ती जोडल्याशिवाय पाय जगणार नाही.

म्हणजे कागदावर '३ बी' दिसलं की एक गोष्ट जवळपास नक्की असते, ती म्हणजे या पायाला फ्लॅप लागणार.

मांडीची कातडी लावून का भागत नाही?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. मांडीवरून त्वचेचा पातळ थर तासून जखमेवर लावतात, त्याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. भाजलेल्या पेशंटमध्ये हे आपण ऐकलेलं असतं. या थरासोबत त्याची स्वतःची रक्तवाहिनी येत नाही. पहिले दोन दिवस तो खालच्या जखमेतून झिरपणाऱ्या द्रवावर तगतो. मग खालून बारीक रक्तवाहिन्या त्याच्यात शिरतात आणि तो जगतो.

म्हणजे ग्राफ्ट जगायचा तर खालची जमीन जिवंत हवी. लालबुंद, रक्त असलेलं मांस असेल तर ग्राफ्ट छान धरतो. पण उघडं, कोरडं हाड, आवरण निघालेला कंडरा किंवा बसवलेली धातूची प्लेट यांच्यावर तो धरत नाही. कातळावर बी फेकलं तर ते रुजत नाही, तसंच.

कातळावर हिरवं काही हवं असेल, तर मुळांसकट आणि मातीसकट आख्खं रोप उचलून आणावं लागतं. फ्लॅप म्हणजे नेमकं हेच. त्वचा, चरबी, कधी स्नायू असा जाड तुकडा त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिनीसकट उचलायचा आणि जखमेवर आणून बसवायचा. तो खालच्या हाडाच्या जिवावर जगत नाही, स्वतःचं रक्त सोबत घेऊन येतो.

त्यामुळे फ्लॅप नुसतं झाकण घालण्याचं काम करत नाही. तुटलेलं हाड जुळायला रक्तपुरवठा लागतो. जंतूंशी लढायला पांढऱ्या पेशी लागतात आणि अँटिबायोटिकही शेवटी रक्तातूनच पोचतं. उघडं हाड हळूहळू सुकतं, मरतं आणि मेलेल्या हाडात जंतू घर करतात. मग सुरू होतो हाडाचा जुनाट संसर्ग. पू येत राहतो, पुन्हा पुन्हा ऑपरेशनं होतात आणि वर्षं निघून जातात. फ्लॅप वेळेवर झाला तर बऱ्याचदा हे सगळं टळतं.

आणि हो, 'प्लास्टिक सर्जरी'तल्या प्लास्टिकचा आपल्या बादलीच्या प्लास्टिकशी संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे आकार देणं, घडवणं.

या कल्पनेचं पुणे कनेक्शन

जिवंत तुकडा रक्तपुरवठ्यासह सरकवायची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत कापलेलं नाक गालाच्या त्वचेपासून नव्यानं घडवायचं वर्णन आहे. पण पाश्चात्त्य जगाला ती ठसठशीतपणे दिसली ती पुण्यामुळे.

१७९२ च्या सुमारास इंग्रज आणि टिपू सुलतान यांच्यात युद्ध चालू होतं. इंग्रजी फौजेसाठी बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा माणूस टिपूच्या ताब्यात सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. पुढे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका वैद्यानं त्याचं नाक पुन्हा घडवलं.

मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून त्याचं माप घेतलं गेलं. ते माप कपाळावर आखून तेवढी त्वचा सोडवली, पण दोन भुवयांच्या मध्ये एक छोटी पट्टी तशीच जोडलेली ठेवली. त्वचा फिरवून नाकावर बसवली. जोडलेल्या पट्टीतून रक्त येत राहिलं आणि साधारण पंचविसाव्या दिवशी, नवं नाक जागेवर रुजल्यावर, ती पट्टी कापली.

थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन पाहिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये त्याची हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली. जोडलेली पट्टी ठेवायची, रक्त चालू ठेवायचं आणि तुकडा फिरवायचा, हेच तत्त्व आज नडगीवर वापरलं जातं.

पायाचे तीन भाग, तीन उपाय

गुडघ्यापासून घोट्यापर्यंतच्या पायाचे सर्जन मनातल्या मनात तीन समान भाग करतात. जखम कुठल्या भागात आहे, यावर पुढचं बरंच काही ठरतं.

वरचा भाग, गुडघ्याजवळचा. इथे जवळच पोटरीचा वरचा मोठा स्नायू आहे, गॅस्ट्रोक्नेमियस. त्याची दोन पोटं असतात, आतलं आणि बाहेरचं. प्रत्येकाला गुडघ्यामागून स्वतंत्र रक्तवाहिनी येते. त्यामुळे एक पोट, बहुतेक वेळा आतलं, खालून सोडवून पुढे वळवता येतं. ते हाडावर पसरवायचं आणि वरून मांडीची पातळ कातडी लावायची. आता ती कातडी धरते, कारण खाली जिवंत स्नायू आला.

स्नायू काढला तर चालता येईल का, ही भीती स्वाभाविक आहे. दुसरं पोट आणि त्याखालचा सोलियस हा स्नायू जागेवरच असल्यामुळे रोजचं चालणं जमतं. पायाच्या पंज्यानं जोर देताना किंवा धावताना थोडी ताकद कमी वाटू शकते.

मधला भाग. इथे तोच सोलियस कामाला येतो. तो पोटरीच्या आत खोल असतो आणि त्याचं मांस गॅस्ट्रोक्नेमियसपेक्षा बरंच खालपर्यंत पोचतं. तो वळवून मधल्या नडगीवर आणता येतो. अडचण एकच, मार मागपर्यंत गेला असेल तर हा स्नायूच चिरडलेला असू शकतो.

खालचा भाग, घोट्याजवळचा. खरी कसोटी इथे लागते. आजूबाजूला वळवण्यासारखा मोठा स्नायूच नाही. अनेक वर्षं अशा जखमांसाठी एकच मोठा पर्याय होता, क्रॉस-लेग फ्लॅप. चांगल्या पायाच्या पोटरीवरची त्वचा अर्धवट सोडवून दुखऱ्या पायाला शिवायची आणि दोन्ही पाय सुमारे तीन आठवडे एकमेकांना जखडून ठेवायचे. कूस बदलायची नाही, उठायचं नाही. त्रास किती होत असेल याची कल्पना करता येते. तरीही ज्या पायातल्या रक्तवाहिन्या फार खराब झाल्यात, तिथे हा पर्याय आजही वापरला जातो आणि पाय वाचवतो.

मग १९८१ मध्ये स्वीडनच्या बेंग्ट पोंतेन यांनी दाखवलं की त्वचेसोबत तिच्या खालचा चिवट पडदाही उचलला, तर पायावर पूर्वी वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी लांब फ्लॅप जगतो. १९९२ मध्ये फ्रान्सचे अलँ मास्केले आणि सहकाऱ्यांनी त्वचेच्या नसांसोबत धावणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांवर फ्लॅप उचलायची पद्धत मांडली. त्यातूनच आज भारतभर वापरला जाणारा 'सुरल फ्लॅप' रूढ झाला. पोटरीच्या मागची त्वचा सोडवायची आणि उलटी खाली फिरवून टाचेवर किंवा घोट्यावर आणायची.

या फ्लॅपला मायक्रोस्कोप लागत नाही आणि ऑपरेशन तुलनेनं लवकर होतं. त्यामुळे लहान शहरांतही तो करता येतो. बदल्यात पावलाच्या बाहेरच्या कडेला बधिरपणा येतो, कारण तिथली नस फ्लॅपसोबत जाते. डायबेटिस, धूम्रपान किंवा पायाच्या खराब रक्तवाहिन्या असतील तर फ्लॅपचं टोक काळं पडायचा धोकाही वाढतो.

आणखी एक पर्याय म्हणजे प्रोपेलर फ्लॅप. खोलवरच्या मोठ्या रक्तवाहिनीतून त्वचेकडे येणाऱ्या बारीक फांद्या असतात. पेनासारख्या डॉप्लर यंत्रानं अशी एक फांदी शोधायची, तिच्याभोवतीची त्वचा पूर्ण सोडवायची आणि पंख्याच्या पात्यासारखी १८० अंशांपर्यंत फिरवून जखमेवर आणायची. सगळा तुकडा दोन मिलिमीटरच्याही आतल्या एका फांदीवर जगतो.

आणि जवळपास काहीच नसेल तर?

तर दूरचा तुकडा आणायचा. यालाच फ्री फ्लॅप म्हणतात.

पाठीचा मोठा स्नायू, मांडीच्या आतल्या बाजूचा लांबट स्नायू किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूची त्वचा रक्तवाहिन्यांसकट पूर्ण कापून शरीरापासून वेगळी करायची. मग ती पायावर ठेवून तिची धमनी पायातल्या धमनीला आणि शीर शिरेला मायक्रोस्कोपखाली जोडायची. या रक्तवाहिन्या साधारण एक ते तीन मिलिमीटरच्या असतात आणि टाक्याचा धागा केसापेक्षा बारीक. शेवटचा टाका बसला, क्लिप काढली की पांढरा पडलेला तुकडा हळूहळू गुलाबी होतो.

मायक्रोस्कोप लावून बारीक रक्तवाहिन्या जोडायचं तंत्र १९६० पासून विकसित होत गेलं. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न इथे इयान टेलर आणि रोलिन डॅनियल यांनी जांघेतली त्वचा अशा पद्धतीनं एका तरुणाच्या जखमी पायावर नेली. फ्री फ्लॅपच्या इतिहासातल्या अगदी सुरुवातीच्या या केसमध्ये जखम पायाच्या खालच्याच भागाची होती, हा योगायोग नव्हता. दुसरा चांगला उपाय जिथे नव्हता, तिथेच हे तंत्र आधी वापरलं गेलं.

अशा ऑपरेशनला अनेक तास लागतात. दोन टीम लागतात, मायक्रोस्कोप लागतो आणि रात्रभर लक्ष ठेवणारे लोक लागतात. म्हणूनच ते सगळीकडे होत नाही.

घड्याळ का महत्त्वाचं?

स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना शहरात मार्को गोदिना नावाचे सर्जन होते. त्यांनी हातापायांच्या जखमांवर फ्री फ्लॅप केलेल्या ५३२ पेशंटची नोंद तपासली आणि ऑपरेशन कधी झालं यावरून त्यांचे तीन गट केले. १९८६ मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, पण तो पाहायला ते नव्हते. त्याच वर्षी रस्ते अपघातात त्यांचा मृत्यू झाला होता.

त्यांचे आकडे असे होते. अपघातानंतर ७२ तासांच्या आत फ्लॅप झाला, तिथे फ्लॅप मरायचं प्रमाण ०.७५ टक्के आणि संसर्ग १.५ टक्के. ७२ तास ते तीन महिने या काळात झाला, तिथे फ्लॅप मरायचं प्रमाण १२ टक्के आणि संसर्ग १७.५ टक्के.

हा फरक का पडतो? दिवस गेले तसं उघडं हाड सुकतं, जखमेत हॉस्पिटलचे चिवट जंतू येतात. आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना सूज येऊन त्या ठिसूळ होतात आणि जोडायला अवघड जातात.

नंतर चित्र थोडं बदललं. १९९० च्या दशकात व्हॅक ड्रेसिंग आलं. जखमेवर स्पंज ठेवून, वरून हवाबंद प्लास्टिक लावून मशीननं पाणी शोषून घ्यायचं, असं त्याचं काम. त्यामुळे जखम काही दिवस तुलनेनं स्वच्छ ठेवता येते आणि पेशंट दुसऱ्या गंभीर दुखापतींतून स्थिर होईपर्यंत थांबता येतं. म्हणून ७२ तासांची रेषा आज दगडावरची मानली जात नाही. तरी ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ७२ तासांच्या आत जखम झाकायचं उद्दिष्ट कायम आहे. आठवडा उलटल्यावर धोका वाढत जातो, असं नंतरच्या अभ्यासांतही दिसलं आहे. व्हॅकमुळे थोडा वेळ मिळतो, पण ते फ्लॅपचं काम करत नाही.

त्याआधीची पायरी तितकीच महत्त्वाची आहे. मेलेलं मांस आणि हाड, माती, डांबर, कापडाचे धागे हे सगळं काढून जखम पूर्ण स्वच्छ करायची. कचऱ्यावर कितीही चांगला फ्लॅप घातला तरी तो आतून सडतो. म्हणूनच डॉक्टर पुन्हा पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये नेतात. "सारखं आत घेऊन जातात" ही तक्रार कानावर येते, पण बऱ्याचदा त्यातच पायाचं भलं असतं.

पाय वाचवायचा की कापायचा?

सगळ्यात कठीण प्रश्न हा आहे आणि त्यावर भारतातच मोठं काम झालंय. तामिळनाडूतल्या कोइमतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये हाडांचे सर्जन एस. राजशेखरन, प्लास्टिक सर्जन एस. राजा सबापती आणि सहकाऱ्यांनी अशा जखमांसाठी गुणांची पद्धत तयार केली. ती २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्वचा, हाड आणि स्नायू-कंडरे-नसा यांना किती मार बसलाय याचे वेगवेगळे गुण द्यायचे. पेशंटचं वय, डायबेटिस, उशीर, रक्तदाब यांचे गुण मिळवायचे. बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली तर पाय वाचवायचा प्रयत्न करावा. १७ किंवा त्याहून जास्त आली तर कापणं बहुधा योग्य ठरतं. १५ आणि १६ हा मधला पट्टा, तिथे अनुभवी टीम आणि घरच्यांनी मिळून ठरवायचं.

पाय वाचला की सगळं जिंकलं, असंही नाही. अमेरिकेतल्या आठ मोठ्या ट्रॉमा सेंटरमधल्या ५६९ पेशंटवर झालेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी पाहिलं, तर पाय वाचवलेले आणि पाय कापलेले यांच्या रोजच्या जगण्यात फारसा फरक नव्हता. दोन्ही गटांत अनेकांना त्रास होता. वाचवलेल्या गटात पुन्हा हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागायचं प्रमाण मात्र जास्त होतं. शिक्षण, घरचा आधार, कामावर परतायची आशा या गोष्टींचाही निकालावर परिणाम होत होता.

पण हा अभ्यास जशास तसा आपल्याकडे आणता येत नाही. जमिनीवर मांडी घालून बसणं, शेतात चिखलात उभं राहणं, चांगल्या कृत्रिम पायाचा आणि तो दर काही वर्षांनी बदलायचा खर्च, हे सगळं इथे मोजावं लागतं. डॉक्टर "पाय ठेवू शकतो, पण" असं म्हणतात तेव्हा त्या 'पण'च्या पुढचं नीट ऐकून घ्यायला हवं. किती ऑपरेशनं लागतील, किती महिने जातील, शेवटी पाय कितपत चालेल?

ऑपरेशननंतरचे पहिले दिवस

पहिले दोन-तीन दिवस नर्स दर तासाला येऊन फ्लॅप बघते. रंग कसा आहे, गरम लागतो का, दाबल्यावर पांढरा होऊन पुन्हा लाली किती वेळात येते? पांढरट आणि थंड पडला तर रक्त आत येत नाही. निळा-जांभळा होऊन फुगला तर आलेलं रक्त बाहेर जात नाही. दोन्हींत मिनिटांचा हिशेब असतो. लगेच थिएटरमध्ये नेऊन गुठळी काढली तर फ्लॅप अनेकदा वाचतो. फुगलेल्या फ्लॅपवर काही ठिकाणी आजही चक्क औषधी जळवा लावतात. त्या साठलेलं रक्त ओढून घेतात आणि नव्या शिरा तयार होईपर्यंत वेळ मिळवून देतात.

या काळात पाय उंच ठेवायचा, फ्लॅपच्या मुळावर दाब येऊ द्यायचा नाही. नंतर डॉक्टर सांगतील तेव्हा पाय पलंगाखाली आधी काही मिनिटं आणि मग हळूहळू जास्त वेळ सोडायचा. नवीन रक्तवाहिन्यांना उभं राहण्याची सवय लागते ती अशी.

बिडी, सिगारेट, तंबाखू पूर्ण बंद. निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात आणि आख्खा फ्लॅप एकाच बारीक वाहिनीवर जगत असतो. भेटायला आलेल्या कुणीतरी "एक घे, काही होत नाही" म्हणत दिलेली सिगारेट सगळ्या टीमच्या मेहनतीवर पाणी फिरवू शकते.

फ्लॅप सुरुवातीला जाड आणि ओबडधोबड दिसतो. काही महिन्यांत सूज उतरते. बूट घालता येत नसेल तर नंतर छोट्या ऑपरेशननं तो पातळ करता येतो. फ्लॅपच्या त्वचेला स्पर्श कमी कळतो, म्हणून गरम पाण्याची पिशवी, सायलेन्सर, चप्पल चावणं यांपासून तो जपावा लागतो. हाड जुळायला त्यानंतरही अनेक महिने लागतात.

घरच्यांनी काय करायचं?

अपघाताच्या जागी जखमेवर स्वच्छ कापड धरून दाब द्यायचा आणि पाय फळीला किंवा काठीला हलकेच बांधून स्थिर ठेवायचा. बाहेर आलेलं हाड आत ढकलायचं नाही. हळद, चुना, कॉफी पावडर यातलं काहीही लावायचं नाही. १०८ ला फोन करायचा. हॉस्पिटलमध्ये अँटिबायोटिक जितकं लवकर, शक्यतो पहिल्या तासात मिळेल तितकं चांगलं.

हॉस्पिटलमध्ये पहिल्याच दिवशी चार प्रश्न विचारता येतात. जखमेची ग्रेड काय? हाड किंवा कंडरा उघडा आहे का? इथे प्लास्टिक सर्जन आहेत का आणि ते जखम कधी बघतील? नसतील तर कुठे आणि कधी हलवायचं?

'आधी हाड जुळू दे, मग जखमेचं बघू' हा क्रम आता जुना झालाय. दोन्ही डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून मिळून ठरवायचं, हीच आज मान्य झालेली पद्धत आहे. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, हे योजनेत असलेल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडे दाखल होतानाच विचारून घ्यावं.

जखम पांढरी, कोरडी दिसत असेल आणि तळाशी हाड दिसत असेल, तर रोजच्या ड्रेसिंगनं ती भरेल या आशेवर आठवडे घालवू नयेत. ड्रेसिंग बदलून हाडावर मांस येत नाही. ते कुठून तरी, स्वतःच्या रक्तासकट, आणावं लागतं. आणि ते आणायला जितका उशीर, तितका पाय हातातून निसटत जातो.